पाचोळ्यावरची वाट

नाशिकची माणसं सुट्टी मिळाली की वर चढतात. पांडवलेणी, रामशेज, ब्रह्मगिरी, नाहीतर थेट सप्तशृंगीचा गड. वर जाऊन, कमरेवर हात ठेवून खाली बघितल्याशिवाय त्यांना सुट्टी पदरात पडल्यासारखी वाटत नाही. आमच्या घराचा मात्र उलटा कारभार. आम्ही सपाटावर जायचो. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रस्त्यापासून थोडं आत, वनखात्याने कधीकाळी लावलेलं एक रान होतं. साग, शिसव, करंज, मधूनच एखादा पळस आणि कडेकडेने बाभळी. चढ नाही, उतार नाही, धबधबा नाही, देऊळसुद्धा नाही. घरात त्याचं नावच 'सपाटी'. शेजारपाजारचे विचारायचे, "तिथे बघण्यासारखं काय आहे हो?" बाबा म्हणायचे, "काही नाही, म्हणून तर गर्दी नसते." खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझी थोरली बहीण विजूताई दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला होता. डावा पाय बारीक आणि दोन बोटांएवढा आखूड राहिला. पंचवटीतले एक मोचीकाका तिच्या डाव्या चपलेला जाड तळ लावून द्यायचे. त्या चपलेवर ती दिवसभर फिरायची, टायपिंगच्या क्लासात मुलींना शिकवायची, बसमध्ये दांडा धरून उभी राहायची. फक्त चढ आला की पाय दुखायचा. म्हणून आमच्या घराने डोंगर सोडून दिले होते.

बाबा सातपूरला कारखान्यात होते. तिथली साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे सगळ्या जगाचा रविवार आमच्याकडे एक दिवस आधी यायचा. माझं कॉलेज सकाळचं, ताईचा क्लास शनिवारी दुपारी बंद. मी घरी येईपर्यंत आईची भाकऱ्यांची थाप चालू असायची आणि ती थाप जिन्यातूनच ऐकू यायची. आई कळवणकडची. तिच्या कळण्याच्या भाकरीला उडदाचा असा काही खमंग वास असायचा की खालच्या मजल्यावरच्या काकू काहीतरी निमित्त काढून वर यायच्या. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, तेलाची छोटी बाटली, कांदे, आणि दिवस द्राक्षांचे असले तर द्राक्षं. एवढं सगळं एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून आम्ही सिटी बसने म्हसरूळ गाठायचो आणि तिथून पायी. कांदा फोडायचं काम बाबांचं. ते झाडाच्या बुंध्याशी बसून एका बुक्कीत कांदा फोडायचे आणि दर वेळी कौतुकाच्या अपेक्षेने आमच्याकडे बघायचे. आम्हीही दर वेळी कौतुक करायचो.

त्या रानात आम्ही ताईच्या चालीने चालायचो. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण बाबांसारखा ताडताड चालणारा माणूस तिथे आपोआप हळू व्हायचा. आता वाटतं, आम्हाला जे काही बघायला मिळालं ते त्या चालीमुळेच. भरभर चालणाऱ्याला रान पाठ दाखवतं. आम्ही दहा पावलं टाकायचो आणि ताई थांबायची. थांबली की तिला काहीतरी दिसायचंच. वाळलेल्या फांदीच्या ढोलीतून पिंगळ्यांची जोडी डोळे वटारून आमच्याकडे बघत असायची, जणू आम्हीच त्यांच्या घरात न विचारता आलोय. एकदा मुंगसाची आई तीन पिल्लं घेऊन वाट ओलांडत होती, एकामागे एक, शेपट्या जमिनीला लावून. शेवटचं पिल्लू वाटेच्या मध्ये बसून राहिलं आणि आम्ही चौघं श्वास रोखून त्याचं मन वळायची वाट बघत उभे. आई तर हात जोडून उभी होती. मुंगसाला कसला नमस्कार, म्हणून मी तिला नंतर चिडवलं, तर म्हणाली, "का? देव काय देवळातच राहतो व्हय?" आमच्या दोन खोल्यांच्या घरात एवढी मोठी गोष्ट कधी घडत नसे. मला त्या रानात सतत वाटायचं की आपण फार थोर ठिकाणी आलोय आणि जरा नीट वागायला हवं.

तिथे आता टाइल्सचा जॉगिंग ट्रॅक झालाय. बाक आहेत, पाट्या आहेत, सकाळी हातात बाटल्या घेतलेली माणसं असतात. झाडं थोडी राहिली आहेत. माझी पन्नाशी उलटून गेली, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे त्या टाइल्सना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. पण पाचोळा तिथे रोज सकाळी झाडून काढतात, आणि ते बघितलं की मला आमचं ते एक शनिवारचं प्रकरण आठवतं.

ताई तेवीस वर्षांची झाली आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. ती दिसायला देखणी. फोटो बघून माणसं यायची. बैठकीत शहाबादी फरशी, त्यावर सतरंजी, पोह्यांच्या बशा. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या की मुलाकडची एखादी बाई अगदी मायेने म्हणायची, "बाळ, जरा पाणी आणतेस का?" तहान कुणालाच लागलेली नसायची. मुलगी चालते कशी ते बघायची ती रीत. ताई उठायची, आत जायची, तांब्या घेऊन यायची. बैठकीतल्या सगळ्यांच्या माना तिच्या पावलांबरोबर खाली व्हायच्या. आत उभी राहून मी पडद्याच्या फटीतून ते बघायचे आणि मला त्या तांब्यातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर ओतावंसं वाटायचं. आमच्याकडे फोन नव्हता. खालच्या काकूंचा नंबर आम्ही पी. पी. म्हणून द्यायचो. चार दिवसांनी काकू जिन्यातून हाक मारायच्या, बाबा खाली जायचे, आणि वर येताना त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनच काय ते कळायचं. असं तीनदा झालं.

चौथं स्थळ नामपूरचं. मुलगा शाळेत शिक्षक, घरचा कांद्याचा व्यापार, माणसं चांगली म्हणून मध्यस्थांनी खात्री दिलेली. नाशकात एका लग्नाला यायचे होते, जाता जाता शनिवारी मुलगी बघू म्हणाले. हे कळलं त्या रात्री जेवताना आईने ताटावरून मान वर न करता सांगितलं, "यांना घरात बोलवायचं नाय. सपाटीला न्यायचं."

बाबांना कळेना. आईने समजावून सांगितलं. फरशीवर पाय दिसतो. सागाच्या पट्ट्यात या दिवसांत घोट्याच्या वर पाचोळा असतो. "तिथं चांगला धडधाकट माणूसबी झोकांड्या खात चालतोय. कोण कुणाचे पाय बघतंय?" आणि ताईची ती जाड तळाची चप्पल नको, ती लगेच नजरेत भरते. साधी सपाट चप्पल घालायची. बाबा म्हणाले, "हे काही बरं दिसत नाही." आई म्हणाली, "मग बरं दिसेल असं स्थळ तुमी आणा." ताई भात कालवत होती. ती कालवतच राहिली.

आता पाहुण्यांना घर सोडून रानात न्यायचं म्हणजे कारण हवं. आईने निरोप पाठवला की घरात रंगकाम काढलंय, सामान सगळं बाहेर आहे, तेव्हा आमची शनिवारची फिरायला जायची पद्धत आहे तिथेच भेटू. निरोप गेल्यावर तिला धास्ती बसली की पाहुणे वाकडी वाट करून घर बघायला आले तर? म्हणून तिने खरंच चुना आणवला. एक खोटं बोलायचं म्हणून बाबा तीन दिवस कामावरून आल्यावर डोक्याला फडकं बांधून भिंतींना चुना मारत होते. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आम्ही दोघी बहिणी त्यांना बघून हसायचो, आणि हसता हसता ताई एकदम थांबायची.

मीही या कटात होतेच. आईने मला बजावून सांगितलं होतं, "रेखे, तू ताईच्या डाव्या अंगानं चाल. मधी फट पडू देऊ नको." मी मोठ्या जबाबदारीने मान हलवली. ताईच्या काळजीपोटी हलवली असं लिहायला मला आवडलं असतं, पण ताईचं लग्न झालं की खिडकीजवळची झोपायची जागा मला मिळणार होती, हेही माझ्या डोक्यात पक्कं होतं.

आम्ही तिघी आधीच पाचोळ्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो आणि बाबा रस्त्यावरून पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे तिघं. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. मामा जाडजूड, तोंडाने भारी. आल्या आल्या म्हणाले, "शनिवारी पोर दाखवायची अन् तीबी रानात! लय नवीन पद्धत काढली पाव्हणे तुम्ही." मुलाची आई बारीक चणीची, डोक्यावरून पदर घेतलेली, बोलायला अगदी कमी. मुलगा उंच, नवे कोरे बूट घालून आलेला. आम्ही सागाच्या पट्ट्यात शिरलो आणि आईचा बेत असा काही फळाला आला की विचारू नका. मोठमोठी वाळकी पानं, खाली लपलेली मुळं. मामा दोनदा पडता पडता वाचले. मुलाचे नवे बूट घसरत होते. त्या सगळ्यांत सरळ आणि डौलाने चालत होती ती विजूताई, कारण तिला तिथलं मूळन् मूळ ठाऊक होतं. मी तिच्या डाव्या बाजूला भिंतीसारखी चिकटून. आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं तेव्हा तिचा चेहरा असा फुललेला होता की मलाही आपण काहीतरी पराक्रम करतोय असं वाटलं. मोकळी जागा बघून आम्ही बसलो. घरून टॉवेलात गुंडाळून आणलेले पोहे गार झाले होते, ते सगळ्यांनी छान झालेत म्हणून खाल्ले.

ऊन कलायला लागलं आणि भोरड्या आल्या. साळुंकीएवढे पक्षी, डोकं काळं, अंग गुलाबी, हिवाळ्यात येतात आणि उन्हाळा तापायच्या आधी निघून जातात. आम्ही त्या आधीही बघितल्या होत्या, पण पाच-पन्नास. त्या दिवशी आधी पश्चिमेकडे नुसती एक काळसर पट्टी दिसली. ती वाढत गेली, मध्येच दुमडली, पुन्हा पसरली. आई सुपात धान्य पाखडते तेव्हा दाणे जसे एकदम उचलले जातात आणि एकदम खाली येतात, तसं आख्खं आभाळ वरखाली होत होतं. मग त्या आमच्या डोक्यावर आल्या आणि पंखांचा आवाज झाला. तो आवाज मला आजही सांगता येत नाही. कानाने ऐकण्याआधी तो छातीत ऐकू आला. हजारो पक्षी एका झटक्यात बाभळींवर उतरले, झाडं गुलाबी काळी झाली आणि एकच कलकलाट. मामांच्या हातातली बशी तशीच राहिली होती, आणि चक्क मामा गप्प होते. बाबांनी टोपी काढली होती. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला लाजही वाटत नव्हती.

"एवढे कुठून आले हे?" मुलाने विचारलं. दिवसभरातलं ते त्याचं पहिलं वाक्य आणि ते त्याने ताईला विचारलं. ताईने सांगितलं की फार लांबून येतात, डोंगर आणि वाळवंटं ओलांडून, आणि पुढच्या महिन्यात परत जातील. त्याने विचारलं, "वाट कशी सापडते?" ताई म्हणाली, "ते मलाही कळलेलं नाही. दर वर्षी वाटतं, या वेळी चुकतील. पण नाही चुकत." मग तो म्हणाला की त्याच्या शाळेमागे पिंपळावर बगळे असतात आणि तो मुलांना बगळे मोजायला बसवतो. ताई हसली. बैठकीत तिला मी कधी हसताना बघितलं नव्हतं. दोघं बराच वेळ बाभळींकडे बघत बोलत उभे होते, आणि मी शहाण्यासारखी चार पावलं मागे सरकले. आईने माझ्याकडे डोळे मोठे केले, पण आता घाबरायचं कारण नव्हतं, जमल्यातच जमा होतं. मला तर मनातल्या मनात सनईसुद्धा ऐकू यायला लागली होती.

परत निघताना पट्टा संपून वनखात्याचा मुरमाचा रस्ता लागायचा. कडक, साफ, एक पान नाही. आईने ठरवलं होतं की रस्ता लागायच्या आधीच पाहुण्यांना पुढे काढायचं आणि आपण मागे रेंगाळायचं. ती म्हणालीसुद्धा, "तुमी व्हा पुढं, आमी डबे आवरून येतो." पण ताई थांबली नाही. ती पाचोळ्यातून सरळ रस्त्यावर गेली, मध्यभागी उभी राहिली आणि म्हणाली, "जरा थांबा. माझं चालणं बघायचं राहिलंय तुमचं."

आणि ती चालली. कुणी न सांगता, कुणी पाणी न मागता. वीसेक पावलं पलीकडे आणि वीस पावलं परत. त्या सपाट चपलेत तिचा पाय नेहमीपेक्षा जास्त लचकत होता, प्रत्येक पावलाला खांदा खाली जात होता. तिने साडीचा घोळ हाताने जरा वर धरला होता, पाय नीट दिसावा म्हणून. तोंड लाल झालं होतं पण मान ताठ. भोरड्या अजून ओरडत होत्या आणि माझ्या अंगावर पुन्हा तोच काटा आला, जो त्या डोक्यावरून गेल्या तेव्हा आला होता. माझ्याच अंथरुणाशेजारी झोपणारी, माझ्या वेण्या घालणारी ही मुलगी एवढी मोठी आहे, हे मला अठरा वर्षांत कळलं नव्हतं. परत येऊन ती मुलासमोर उभी राहिली. "लहानपणी पोलिओ झाला. हा पाय आखूड आहे. तुम्हाला कळू नये म्हणून इथे आणलं. मी गप्प राहिले, ती माझीही चूक." मग आईकडे वळून ती म्हणाली, "आयुष्यभर पाचोळ्यावरच चालू का गं मी?"

आई हातातल्या डब्याचं झाकण नुसतं लावत-काढत राहिली. मामा काहीतरी बोलणार होते, पण मुलाच्या आईने हातानेच त्यांना गप्प केलं. ती ताईजवळ गेली. "माले तं तव्हाच आयकू उनं, बेटा," ती म्हणाली. तिला मघाशीच ऐकू आलं होतं. वाळक्या पानांवर एक पाऊल पूर्ण वाजत होतं आणि एक अर्धं. आमच्या आईने डोळ्यांचा बंदोबस्त केला होता, कानांचा तिला सुचलाच नव्हता. "पाय दुखस का?" तिने विचारलं. ताई म्हणाली, "आज दुखतोय. रोजची चप्पल घातली नाही ना." त्या बाईने ताईच्या गालावरून हात फिरवला. मुलगा खाली रस्त्याकडे बघत होता. त्याने एकदा मान वर केली, ताईकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

चार दिवसांनी काकूंनी जिन्यातून हाक मारली. बाबा वर आले. "त्यांचा विचार नाही," एवढंच म्हणाले. ताई म्हणाली, "बरं," आणि क्लासला गेली. दुपारी ती लवकर परत आली, चुन्याचा वास येणाऱ्या त्या नव्या पांढऱ्या भिंतीला टेकून बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "मला आवडला होता गं तो," ती म्हणाली. मी विचारलं, "मग कशाला सांगितलंस?" तिने नाक पुसलं. "आवडला म्हणूनच." मला त्या वेळी हे काही कळलं नाही आणि मी तिच्यावर थोडी रागावलेही. ताईचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं, चांगलं झालं, पण ती हकीकत तिची, तिनेच सांगावी.

आई त्या दिवसापासून घुम्यासारखी झाली. शनिवार आला, भाकऱ्या झाल्या, पण ती आमच्याबरोबर आली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. बाबांनी एकदा विचारलं तर म्हणाली, "मला त्या वाटंवर पाय टाकवंना." ताईने तिला एका शब्दाने दोष दिला नव्हता, आणि आईला बहुधा त्याचाच जास्त त्रास होत होता. कणीक मळता मळता ती मध्येच थांबायची आणि ताईच्या चपलांच्या जोडाकडे बघत राहायची.

उन्हाळ्यात विंचूरकडचं एक स्थळ आलं. या वेळी घरीच. बैठकीत सतरंजी घातली, पोहे भिजवले. आम्ही दोघी आतल्या खोलीत, ताई निळ्या साडीत, पायात तिची जाड तळाची चप्पल. बाहेर पावलं वाजली, बाबा "या, या" म्हणाले. पाहुणे दारात चपला काढत असतील, तेवढ्यात आईचा आवाज आला. तो नेहमीचा पाहुण्यांसमोरचा आवाज नव्हता. तिच्या माहेरच्या अंगणातला आवाज असावा, मोठा, चार घरांना ऐकू जाईल असा.

"बसायच्या आधी एक सांगते," आई म्हणाली. "आमच्या विजूला लहानपणी पोलिओ झालाय. तिचा डावा पाय आखूड हाय. चालताना दिसतोय, लपत नाय. हे ऐकून बसायचं असंल तर खुशाल बसा. नसंल तर उन्हातनं आलाय, सरबत घेऊन जा, आमचा राग नाय."

ताईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी मनगटात रुतली. मग तिने तो सोडला, आरशात एकदाही न बघता पदर सारखा केला आणि कुणी बोलवायच्या आधीच चालत बाहेर गेली.